उशीवरचा आकडा

घरात तीन यंत्रं आली तेव्हा डोल्गोरने त्यांना घोड्यांसारखी रंगावरून नावं देऊन टाकली: पांढरा, काळा आणि करडा. कंपनीचं नाव, मॉडेलचा नंबर, खोक्यावर छापलेल्या शपथा, यातलं तिला काही नको होतं. शहरात लेकाकडे राहायला येण्याआधी तिने अठ्ठावीस वर्षं माळावर शेळ्या आणि घोडी राखली होती. जनावर ओळखायला रंग, चाल आणि खोड एवढं पुरतं. हवा शुद्ध करणारं यंत्र हे काही फार शहाणं जनावर नव्हे, असं तिचं एकूण मत होतं.

पांढरा सगळ्यात महाग. तो सुनेच्या मैत्रिणीने आठवडाभरासाठी दिला होता. काळा दुकानातून आणलेला, पसंत नाही पडला तर सात दिवसांत परत करायच्या बोलीवर. तो दिसायला इतका देखणा की डोल्गोरने आल्या आल्या त्याच्यावरून हात फिरवला. आणि करडा म्हणजे सूनबाईंच्या गिरणीतल्या पुरेव मेकॅनिकने बनवलेली पत्र्याची पेटी. आत पंखा, पंख्यापुढे जाड गाळणी, वर उचलायला दोरीची मूठ. पुरेवने ती चार जिने चढून आणली आणि दारातच धापा टाकत म्हणाला, "मावशी, चहा द्या आधी. तुमच्या सुनेने मला परीक्षेला बसवलंय."

"पास होशील का रे?"

"तिच्या हातून कोण पास झालंय आजवर? बाजारातला नावाजलेला व्यापारी परवा हिच्यापुढे घाम पुसत उभा होता. म्हणाला, सगळा माल एक नंबर आहे. हिने गासडीच्या पोटात हात घातला, मूठभर लव काढली, म्हणाली, हे वरचं शेळीचं आहे, हे आतलं कोणाचं?"

डोल्गोरला हे ऐकून आतून गुदगुल्या झाल्या, पण तसं चेहऱ्यावर दिसू देईल तर ती सासू कसली! तिने माळावरच्या खारट चहात मीठ जास्तच टाकलं आणि वाटी त्याच्यापुढे सरकवली.

सून तुंगा काश्मिरी लोकरीच्या गिरणीत प्रयोगशाळेत होती. शेळीच्या अंगावरची लव किती मायक्रॉन जाडीची आहे ते पाहायचं आणि माल पास की नापास ते ठरवायचं, हे तिचं काम. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी जेव्हा सांगितलं की पोरीच्या फुप्फुसात जाऊन बसणारे धुराचे कण अडीच मायक्रॉनचे असतात, तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली तुंगा एकदम ताठ झाली. माणसं अशा वेळी रडतात. ही म्हणाली, "म्हणजे आमच्या सगळ्यात बारीक लवेच्या सहाव्या हिश्शाएवढे." जणू शत्रूचं माप कळलं की निम्मं काम झालं.

सर्नाई अडीच वर्षांची. या हिवाळ्यातला तिचा हा तिसरा न्यूमोनिया. डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या, त्यांच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन दोन पोरं होती, आयांना रात्री थांबायला जागा नव्हती. त्या सरळच बोलल्या, "शनिवारी घरी सोडते. पण तुमच्या खोलीत या कणांचा आकडा पंचवीसच्या वर जात असेल तर घरी नेऊच नका. रात्री नाही, सकाळी नाही, कधीच नाही. परस्पर गावी पाठवा, गवत उगवेपर्यंत."

गावी म्हणजे तुंगाच्या आईवडिलांकडे, दीड दिवसाच्या वाटेवर. गेल्या हिवाळ्यात पाठवलंच होतं. पोर तिकडे खोकली नाही, गालांवर लाली चढली, सगळं खरं. पण वसंतात तुंगा तिला आणायला गेली तेव्हा सर्नाई आजीच्या डगल्याआड लपली आणि आजीलाच आई म्हणाली. तुंगाने ते हसून सांगितलं होतं. आणि मग त्या रात्री स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवून ती बराच वेळ भांडी घासत होती, भांडी कधीच स्वच्छ झालेली असताना. डोल्गोर ते विसरली नव्हती.

तुंगाचा नवरा गान्सुख दक्षिणेकडच्या खाणीत ट्रक चालवायचा. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. फोनवर तो म्हणाला, "सगळ्यात महाग असेल ते घे आणि मोकळी हो."

"महाग म्हणजे चांगलं हे कोणी सांगितलं तुला? तुझे ते बूट आठवतात? एका हिवाळ्यात तळ सुटला."

"बुटांचा काय संबंध?"

"तोच संबंध," असं म्हणून तुंगाने फोन ठेवला आणि वही काढली.

मग त्या घरात जे सुरू झालं ते डोल्गोरने तोंडावर पदर धरून, म्हणजे डगल्याची बाही धरून, पाहिलं. गिरणीतून तुंगाने तळहाताएवढा मीटर मागून आणला होता. हवेत किती कण आहेत ते तो आकड्यात दाखवायचा. नियम असे: तिघांची परीक्षा सर्नाईच्याच खोलीत. दार बंद, उंबऱ्यावर ओला टॉवेल. रोज एकच यंत्र, संध्याकाळी आठला सुरू, जागा तीच. नऊला मोजायचं, सकाळी सातला मोजायचं. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायचं नाही.

"वाचायचं का नाही?" डोल्गोरने विचारलं.

"वाचलं की डोळा तेच बघतो, आई. गासडीवरची चिठ्ठीसुद्धा मी माल पाहिल्यावर वाचते."

रविवारी पांढरा लागला. आठला आकडा एकशे साठ होता, नऊला बारा. डोल्गोरला वाटलं, झालं, संपली परीक्षा. पण सकाळी सातला तुंगा मीटर घेऊन आत गेली आणि तिथेच उभी राहिली. एकशे अठरा.

सोमवारी काळा. रात्री चोवीस, सकाळी दोनशे पाच.

"देखणा तेवढा आहे," डोल्गोर म्हणाली. "लग्नात मिरवायला न्यावा."

मंगळवारी पुरेवचा करडा. तो सुरू झाला तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरत. शेजारच्या खोलीत डोल्गोरचे दात हलले. पण रात्री आकडा तेरा! डोल्गोरला या कुरूप प्राण्याचा एकदम लोभ वाटला. सकाळी सातला तोही तोंडावर आपटला. एकशे बारा.

तुंगाने वहीत बघून सांगितलं, "तिघंही रात्री ठीक, सकाळी नापास. म्हणजे सकाळी बाहेरून काहीतरी आत येतंय. पहाटे टेकडीवरच्या चुली पेटतात, तो धूर." आणि मग तिने जे केलं ते डोल्गोर हातातलं काम टाकून बघत राहिली. पर्समधून तिने चिमूटभर लव काढली, पंधरा मायक्रॉनची, श्वास टाकला तरी उडेल अशी. ती दोन बोटांत धरून ती खिडकीच्या कडेने इंच इंच फिरवत गेली. बसून, वाकून, शेवटी जमिनीवर पोट टेकून. जिथे लव थरथरली तिथे पेन्सिलीने खूण. शरद ऋतूत गान्सुखने कागदी पट्ट्या लावून खिडकी बंद केली होती, अगदी छाती फुगवून. त्या खिडकीत तिने अकरा फटी शोधल्या.

डोल्गोरने आयुष्यभर लव विंचरली होती, पोत्यात भरली होती, विकली होती. त्या लवेने वारा शोधता येतो हे तिला साठी उलटली तरी सुचलं नव्हतं. दुपारी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला ती म्हणाली, "आमची सून म्हणजे लांडगा आहे लांडगा. वास लागला की सोडत नाही." सुनेच्या तोंडावर मात्र ती एवढंच म्हणाली, "जमीन गार आहे, पोटात वारा भरेल."

अकरा फटी बुजल्या. बुधवारी संध्याकाळपर्यंत वाऱ्याला आत यायची सोयच उरली नाही. मंगळवारचा करडा खोलीत होताच, तो तसाच चालू ठेवून तुंगाने पुन्हा मोजलं तर नऊ. तिचा चेहरा खुलला. पण मग तिने वहीची पानं उलटली आणि हळूहळू तो मावळला. "संध्याकाळी तर आधीही ठीकच होतं," ती म्हणाली. "मला सकाळ हवी आहे." आणि शनिवारच्या आधी आता दोनच सकाळी उरल्या होत्या.

तिने आईला फोन लावला. डोल्गोर भांडी पुसत ऐकत होती. "दादाला म्हणावं शनिवारी गाडी घेऊन ये. हो, हॉस्पिटलपाशीच. नाही, घरी आणणार नाही तिला. बघून जीव तुटतो मग." एवढं बोलून ती थांबली. पलीकडून आई काहीतरी बोलत होती. "नाही आई, रडत नाहीये. सर्दी झालीय."

डोल्गोरच्या हातातली वाटी तशीच राहिली. धावून जाऊन सुनेला जवळ घ्यावं असं तिला फार वाटलं, पण त्या दोघींना तशी सवय नव्हती.

शेवटचा उपाय म्हणून तुंगाने त्या रात्री पुन्हा पांढरा लावला. आणि एक नवी गोष्ट केली. मीटर ती नेहमी स्वतःच्या खोलीत ठेवायची आणि मोजायच्या वेळी घेऊन जायची. आज तिने तो सर्नाईच्या उशीवर ठेवला, जिथे पोरीचं डोकं असतं तिथे. "नमुना जिथला माल तिथूनच काढायचा असतो," ती म्हणाली. "श्वास काही ती दारात उभी राहून घेत नाही."

डोल्गोर रोज सहाला उठायची. चहा उकळायचा, पहिली वाटी बाल्कनीतून आभाळाला शिंपडायची, मग धूप. तिच्या बालपणापासून एकही सकाळ धुपाशिवाय गेली नव्हती. आर्त्सच्या झुडपाची पूड, डोंगरउतारावरून स्वतः खुडून, सावलीत वाळवून, हाताने कुटलेली. धुपाटण्यात निखारा, निखाऱ्यावर चिमूट, आणि घरभर सूर्याच्या दिशेने फेरी. सर्नाई आजारी पडल्यापासून तिने पोरीच्या खोलीत एकाच्या तीन फेऱ्या केल्या होत्या, चिमूटही मोठी झाली होती, आणि शेवटी धुपाटणं तिथेच फळीवर ठेवून ती उरलेला चहा गाळायला जायची. जे काही वाईट त्या खोलीत शिरलं असेल ते निघून जावं म्हणून. सोमवारी त्या वेळी पांढऱ्याचा हिरवा दिवा लाल झाला होता आणि तो गुरगुरायला लागला होता. डोल्गोरला वाटलं होतं, याला सकाळी उठायचा कंटाळा आहे.

गुरुवारी ती उंबऱ्यावरचा टॉवेल सरकवून आत शिरली तेव्हा उशीवरचा मीटर मिणमिणत होता. चौदा. तिला बरं वाटलं. तिने पहिली फेरी घातली, मंत्र पुटपुटत. पलंगाच्या उशाशी आली तेव्हा सहज नजर गेली. नव्वद.

तिला वाटलं, आपल्याला नीट दिसत नसेल. दुसऱ्या फेरीला ती मुद्दाम थांबली. धुपाची निळी दोरी तिच्या हातातून निघून पलंगावर वाकली होती आणि उशीवर पसरत होती. आकडा चढत होता, दोनशे दहा, दोनशे साठ, तीनशे चाळीस. मग पडदा लाल झाला. पांढरा खोलीच्या कोपऱ्यातून जिवाच्या आकांताने ओरडायला लागला.

डोल्गोर धुपाटणं हातात धरून उभी होती. तिला आधी काही कळलंच नाही. धूर म्हणजे कोळशाचा. धूर म्हणजे टेकडीवरच्या चुलींचा, बसचा, कारखान्याच्या धुराड्याचा. हा धूर नव्हता, हे तर शुद्ध करणं होतं. मग कळलं. उशीवर मीटर होता म्हणून आकडा दिसला. एरवी तिथे पोरीचं नाक असायचं.

धुपाटणं तिने बाल्कनीत नेऊन बर्फात उपडं केलं. घड्याळात सात वाजायला पाच कमी होते. मनात विचार आला, आणि तो फार सोयीचा होता. उद्यापासून धूप बंद. कोणाला सांगायची गरज काय? आकडा आपोआप खाली येईल, पोर घरी येईल, सूनबाई खूश. सासूने चूक केली हे सुनेला कशाला कळायला हवं? तेही अशा सुनेला, जिच्या हातून व्यापारीसुद्धा सुटत नाहीत!

पण मग तिला ते तिघं आठवले. आज पांढऱ्याची पाळी. उद्या धूप नसला की पांढरा पास होईल आणि सूनबाई म्हणेल, हाच खरा. काळा आणि करडा तिच्यामुळे नापास झालेले, ते तसेच नापास राहणार. काळ्याचं सोडा, पण त्या करड्याचा काय गुन्हा? सहकारी सोसायटीत लव तोलायच्या दिवशी कोणी दुसऱ्याच्या पोत्यात राठ केस मिसळले तर डोल्गोर त्याच्या नावाने सगळा माळ डोक्यावर घ्यायची. आणि इथे तिने स्वतःच्या हाताने तीनही पोत्यांत केस मिसळले होते. शिवाय वही खोटी ठरली असती. जमिनीवर पोट टेकून लिहिलेली वही.

तुंगाचा गजर वाजला तेव्हा सासू तिच्या पलंगाशी उभी होती.

"आई? काय झालं? हॉस्पिटलमधून फोन..."

"फोन नाही. ऊठ. माझ्यामुळे होतंय."

"काय तुमच्यामुळे?"

"सकाळ. तुझी नापास सकाळ. मी करते ती. धूप." डोल्गोरने सर्नाईच्या खोलीकडे बोट केलं. "पोरीच्या उशाशी तीन फेऱ्या मारते मी रोज. वर धुपाटणं तिथेच ठेवते. काय बोलायचं ते बोल, मी इथेच उभी आहे."

तुंगा अनवाणी सर्नाईच्या खोलीत धावली. मीटर अजून शंभरच्या वर होता. तिने आकड्याकडे पाहिलं, फळीवरच्या धुपाटण्याच्या काळ्या वर्तुळाकडे पाहिलं, परत आकड्याकडे पाहिलं. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती जमिनीवर बसली. डोल्गोरला वाटलं, रडतेय. ती हसत होती, आणि मग खरंच रडायला लागली, दोन्ही एकदमच.

"चार दिवस, आई! चार दिवस मी या खोलीत सातला येते, छाती भरून वास घेते, आणि मला वाटतं, सकाळ झाली! आमच्या घरी माझी आजी, मग आई... मला तो वासच येत नाही. मी अकरा फटी शोधल्या आणि हे माझ्या नाकासमोर होतं."

"तुझ्या काय, माझ्या तर हातात होतं," डोल्गोर म्हणाली. "शिव्या दे गं. बरं वाटेल मला."

"शिव्या नंतर देते. आधी सांगा, पूड किती आहे?"

"पूड? डबाभर. का?"

तुंगा उठली. डोळे पुसले. डोल्गोरने तिचा तो चेहरा पाहिला आणि तिला कळलं की लांडग्याला वास लागलाय. "आजवरची वही फुकट गेली. रोज बाहेरचा धूर वेगळा, तुमची चिमूट वेगळी. असं तुलना होतच नाही. पण आज एकाच खोलीत, एकाच दुपारी, तिघांना सारखाच धूर दिला तर? मी रजा टाकते. तुम्ही धूप जाळायचा, मी वेळ मोजते. सारखी चिमूट जमेल ना?"

"सारखी चिमूट!" डोल्गोरला भलताच राग आला. "अठ्ठावीस वर्षं बोटांवर लव जोखली मी. सारखी चिमूट जमेल का म्हणे."

तुंगाने तरीही वजनकाटा आणला. कोणाच्या शब्दावर जाणं तिच्या रक्तात नव्हतंच. डोल्गोरने पहिली चिमूट टाकली, सहा दशांश ग्रॅम. दुसरी, सहा दशांश. तिसरी टाकताना तिने मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. सहा दशांश. तुंगा काट्याकडे बघत राहिली. "आमच्या लॅबमधली पोरं चमच्यानेसुद्धा असं काढत नाहीत, आई," ती हळूच म्हणाली, आणि डोल्गोरचे कान लाल झाले. सुनेने तिचं असं कौतुक यापूर्वी कधी केलं नव्हतं. खरं तर दोघींनीही एकमेकींचं केलं नव्हतं.

दुपारी वारा सुटला, शहरावरचा धूर थोडा उडाला, तेव्हा परीक्षा झाली. दार बंद, दोघी तोंडाला मास्क लावून आत. चिमूट पडली, आकडा चारशेला गेला, धुपाटणं बाहेर, यंत्र सुरू. पांढऱ्याने चोवीस मिनिटांत पंचवीसच्या खाली आणला. काळा तासभर मंद मंद वाहत राहिला आणि शेवटी एकसष्टवर अडला. करड्याने घरघर घरघर करत एकवीस मिनिटांत आटोपलं. तुंगाचा विश्वास बसला नाही, तिने करड्याची पुन्हा घेतली. बावीस.

"पांढरा शांत आहे," तुंगा म्हणाली. "तिला झोप लागेल. करडा तर ट्रॅक्टर आहे."

"पांढऱ्याची गाळणी भरली तर?"

"परदेशातून मागवायची. दीड महिना लागतो म्हणे."

"आणि याची?"

"पुरेवदादा संध्याकाळी घेऊन येतील."

"मग विचारतेस काय? जानेवारीत दीड महिना काय पोरीला श्वास धरून बसायला सांगणार आहेस? आवाजाची सवय होते. तुझा सासरा असा घोरायचा की तंबूची काठी हलायची, मी एकोणतीस वर्षं झोपले ना!"

तुंगाला इतकं हसू आलं की तिला वही खाली ठेवावी लागली. मग तिने ती उचलली आणि करड्याच्या नावाभोवती गोल केला.

शुक्रवारी सकाळी धूप पेटला नाही. डोल्गोर धुपाटणं घेऊन चार जिने उतरून अंगणात गेली. उणे तीस अंशांत बोटं बधिर होईपर्यंत तिथेच फेऱ्या घातल्या आणि जे काही ऐकत असेल त्याला बजावून सांगितलं की आता यापुढे इथूनच, समजून घ्यावं. वर आली तेव्हा तुंगा दारात मीटर घेऊन उभी होती. अकरा. शनिवारी सकाळी नऊ. तुंगाने शुक्रवारीच, भाऊ निघायच्या आत, त्याला फोन करून सांगितलं होतं की गाडी आणू नकोस, आणि बाकी काही बोलायच्या आत फोन बंद केला होता. पुरेवला कळलं तेव्हा तो म्हणाला, "हिने पास केलं? मला लिहून द्या."

सर्नाई घरी आली. दोन दिवस ती करड्याला घाबरली, तिसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर बसली.

सोमवारी तुंगा कामावर गेली. दुपारी पोर झोपली आणि डोल्गोर तिच्या पलंगाशी मोजा विणत बसली. पोरीच्या श्वासाची तिला अख्ख्या हिवाळ्याची ओळख होती. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना घरघर. स्वयंपाकघरात असलं तरी ऐकू यायचं, आणि त्याच्या भरवशावर ती कामं करायची. आज करड्याच्या आवाजात तिला काही ऐकूच येईना. ती जराशी वाकली. काही नाही. अजून वाकली.  तिने मोजा टाकला, करड्याचं बटण बंद केलं आणि पोरीच्या पाठीला कान लावला.

पाठ वर येत होती, खाली जात होती. शिट्टी नव्हती. घरघर नव्हती. एवढ्याशा छातीत हवा जात होती आणि येत होती, कुठेही न अडता. डोल्गोर किती वेळ तशीच होती कोण जाणे. तिच्या गालाखालचा सदरा ओला झाला तेव्हा ती उठली आणि तिने सुनेला फोन लावला.

"काय झालं आई?" पलीकडे तुंगाचा आवाज चिरला. "ताप आलाय?"

"काही झालं नाही. ऐक." तिने फोन सर्नाईच्या पाठीवर टेकवला, आपला श्वास रोखून धरला, मग मोठ्याने विचारलं, "आलं का ऐकू?"

"नाही आई. मला काहीच ऐकू येत नाहीये."

"तेच ऐकवतेय तुला."

 पलीकडे गिरणीतलं कुठलंसं दार उघडलं, बंद झालं, कोणीतरी तुंगाला हाक मारली. तिने ओ दिली नाही.

"आई," ती शेवटी म्हणाली, "अजून थोडा वेळ तसाच धरा."